मॅबलचे बाबा हरवले त्याबाबत

नाव: श्रीमती एव्हिस बेब. वय: एकसष्ट. धंदा: बायकांचे केस कापणं व बसवणं, दुकान आता बंद. राहणार: लोअर ब्रॉड स्ट्रीट, लडलो, श्रॉपशर परगणा. तारीख: २० सप्टेंबर १९८८, मंगळवार, संध्याकाळ.

मी वरील बाई, लडलो पोलीस ठाण्यात सार्जंट कॉर्फील्ड यांच्यासमोर बसून, ते विचारतील तसं आणि मला आठवेल तसं सांगते की,

आज दुपारी माझा एक जबाब घ्यायला सुरुवात झाली होती, तो रद्द करावा लागला. त्यात 'मॅबल, वय आठ, केस तपकिरी व लांब, डोळे मोठे, हृदयाचा विकार' इतकं लिहून झालं होतं आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण मॅबल ही कुत्री आहे हे सार्जंटना ठाऊक नव्हतं, आणि सार्जंटना ते ठाऊक नाही हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून हा दुसरा जबाब. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, तरी क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

मॅबल ही कॅव्हेलियर जातीची छोटी स्पॅनियल. अंग पांढरं, त्यावर तपकिरी चट्टे, कान तपकिरी आणि हनुवटीच्याही खाली लोंबणारे. मांडीवर बसणं एवढंच काम तिला नेमून दिलेलं आहे आणि ते ती मन लावून करते. ती माझी नाही. ती मॅबलच्या बाबांची आहे.

मॅबलच्या बाबांचं नाव काय, असं विचारल्यावरून सांगते की, ते मला आज संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. नदीपलीकडच्या टेकडीवर, किल्ल्याकडे तोंड करून असलेल्या बाकावर आम्ही सहा वर्षं रोज दुपारी भेटतो. सार्जंट म्हणाले, "सहा वर्षं, रोज, आणि नाव माहीत नाही?" मी म्हटलं, "तुमच्याकडे कुत्रा नाही वाटतं." कुत्रा फिरवणाऱ्या माणसांत कुत्र्याचं नाव विचारतात, वय विचारतात, काय खातो, पोट साफ होतं का, सगळं विचारतात. माणसाचं नाव कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी राहिलं की राहिलंच, कारण पुढे विचारायचं म्हणजे इतके दिवस आपलं लक्ष नव्हतं असं तोंडानं कबूल करायचं. ते मॅबलचे बाबा, मी पिकलची आई, आणि ती समोरून बुलडॉग घेऊन येते ती विन्स्टनची आई. गाव असंच चालतं.

पिकल हा माझा कुत्रा. तोही कॅव्हेलियर, काळा आणि तांबडा. तो मार्चमध्ये गेला. त्याबद्दल या जबाबात जास्त काही लिहू नये.

पिकल गेल्यावरही मी बाकावर जात राहिले, कारण दुपारी दुसरीकडे कुठे जायचं ते मला सुचलं नाही. कुत्रा नसलेली बाई टेकडीवर दिसली की लोकांना काय बोलावं कळत नाही. विन्स्टनच्या आईनं तर मान हलवणंही सोडलं. तिच्या लेखी आता मी कुणाची कुणीच नव्हते. मॅबलच्या बाबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि मॅबलला माझ्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, "पिकलची आई, पिकल कुठे आज?" मला वाईट वाटलं, आणि रागही आला. मी म्हटलं, "अहो गेला ना तो. काल सांगितलं की." त्यांनी पुन्हा टोपी काढली, त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, अगदी नव्यानं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा मी म्हटलं, "घरी आहे. झोपलाय." त्यांचा चेहरा उजळला. "झोपू द्या, झोपू द्या," ते म्हणाले. "त्याचंही वय झालं आता." तेव्हापासून ते रोज विचारतात आणि मी रोज तेच सांगते.

तेव्हाच तुम्हाला शंका कशी आली नाही, असं विचारल्यावरून सांगते की, मला तो सभ्यपणा वाटला. वाटलं, या बाईला कुत्र्याबद्दल बोलता यावं म्हणून हा माणूस मुद्दाम विचारतो. आमच्याकडे माणसं असं काहीबाही करतात आणि त्याबद्दल कधी बोलत नाहीत. शिवाय, खरं सांगायचं तर, मला ते आवडायला लागलं होतं. बाकावर बसलेली असेपर्यंत माझा कुत्रा घरी झोपलेला असायचा.

आता मागे वळून पाहिलं तर बाकीचंही दिसतं. मॅबल उन्हाळ्यात फुगत चालली होती. इथल्या गुरांच्या डॉक्टरनं "ही जाड झालीय, काय काय खायला घालता?" म्हटलं, तर मॅबलचे बाबा भडकले. "दिवसातून दोनदा, मोजून!" असं म्हणून त्यांनी डॉक्टरच बदलला, वेल्सच्या हद्दीत कुठेतरी. मीही त्यांचीच बाजू घेतली, कारण तो डॉक्टर मलाही आवडत नाही. आज वाटतं, दोनदा घातलेलं ते विसरत असावेत आणि पुन्हा घालत असावेत. मॅबल काही सांगणारी नाही. या जातीची कुत्री खाण्याच्या बाबतीत कुणाचा गैरसमज दूर करत नाहीत.

दुसरं म्हणजे, तिच्या कानांमागे जटा झाल्या होत्या. स्पॅनियलचा कान रोज विंचरला नाही तर मागे केसांचा लोकरीसारखा घट्ट गोळा होतो आणि कातडी ओढली जाते. पूर्वी ते तिला इतकी स्वच्छ ठेवायचे की माझ्या दुकानातल्या निम्म्या बायकांना लाज वाटली असती. मी गुपचूप माझा कंगवा घेऊन जायला लागले आणि गप्पा मारता मारता एकेक जट सोडवायला लागले. त्यांच्या स्वतःच्या डोक्याचा भांगही एके दिवशी दुसऱ्या बाजूला आला होता. आयुष्यभर एका बाजूला भांग पाडणारा माणूस असा बदलत नाही हे मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो. मला वाटलं, आरसा बदलला असेल.

आता काल, सोमवारी घडलं ते. ते नेहमीसारखे आले, पिकलची चौकशी झाली, मी नेहमीचं उत्तर दिलं. थोड्या वेळानं ते उठले, मॅबलचा पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हिला जरा धरता का? मी आलोच." आणि पुलाच्या दिशेनं खाली गेले. टोपी बाकावरच राहिली. मला वाटलं, आडोशाला गेले असतील, म्हणून मी शिष्टाचारानं दुसरीकडे तोंड केलं. परत वळून पाहिलं तर रस्ता मोकळा होता.

मी अंधार पडेपर्यंत बसले. आरडाओरडा का केला नाही, असं सार्जंट विचारतात. काय म्हणून हाक मारणार? टेकडीवर उभं राहून "मॅबलचे बाबा!" असं ओरडून पाहिलं एकदा. माझ्याच पायाशी मॅबल भुंकली, बाकी कुणी ओ दिली नाही.

मॅबलच्या गळ्यात पत्त्याचा बिल्ला नव्हता. तिची मान दुखते. मधूनच मागचा पाय उचलून हवेतच खाजवते, मानेला हात लावू देत नाही. म्हणून ते तिला गळपट्टा घालत नाहीत, छातीवरून बांधायचा पट्टा घालतात, आणि बिल्ला घरी जुन्या गळपट्ट्याला अडकवलेला. मी तिला घरी आणलं. वाटलं, सकाळी ते तिला शोधत बाकावर येतील, आपण काही न झाल्यासारखं पट्टा परत देऊ, विषय संपला.

घरी मी तिला उकडलेली कोंबडी दिली. कान ताटलीत बुडू नयेत म्हणून दुकानातली केसांची जाळी तिच्या डोक्यावरून चढवली, पिकलला चढवायचे तशी. डोळ्यांखालचे ओघळ कोमट पाण्यानं पुसले. ताटली पिकलचीच होती, ती मी टाकलेली नव्हती. मॅबल माझ्या पायांवर झोपली आणि घोरायला लागली. मला आनंद झाला. एक माणूस हरवलेला असताना मला आनंद झाला, हे लिहा. मला स्वतःलाच त्याचा उलगडा होत नाही, पण झाला. तिला खोकला आला तेव्हा मात्र मी उठून दिवा लावला. तिचं हृदय कमकुवत आहे, गोळी चालू आहे आणि गोळ्यांची पुडी मॅबलच्या बाबांच्या कोटाच्या खिशात. कोणती गोळी, किती, मला काही माहीत नव्हतं. ते सापडेपर्यंत ही टिकेल का, हाच विचार डोक्यात होता.

आज सकाळी मी तिला घेऊन बाकावर जाऊन बसले. खाली नदीत दोन होड्या होत्या आणि माणसं लांब काठ्यांनी पाणी ढवळत होती. एक तरुण पोलीस वर येत होता, त्याला मी विचारलं, "काय हो, काय शोधताय?" तो म्हणाला, "लहान मुलगी आहे, बाई. आठ वर्षांची. पाण्यात गेली असं दिसतंय." मी म्हटलं, "अरेरे." मॅबलनं त्याच्याकडे बघून शेपूट हलवली, त्यानं तिचं डोकं कुरवाळलं आणि तो गेला. मुलीचं नाव विचारलं का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. अशा वेळी नाव विचारणं मला बरं दिसेना. विचारलं असतं तर होड्या तिथल्या तिथे परत फिरल्या असत्या.

बाबा येईनात तेव्हा मी पट्टा सैल सोडला आणि मॅबलला म्हटलं, चल, घरी ने. तिनं मला आधी खाटकाकडे नेलं. तो आतूनच ओरडला, "मॅबल आली! बाबा कुठायत, मॅबल?" आणि यकृताचा तुकडा दिला. नाव? नाव त्याला माहीत नाही, "मॅबलचे बाबा" एवढंच. तिथून पावाच्या दुकानात, तिथून वर्तमानपत्रवाल्याकडे. सगळीकडे मॅबलला ओळखतात, सगळीकडे तिला काहीतरी मिळतं, आणि त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही. वाटेत विन्स्टनची आई भेटली. सहा महिन्यांनी माझ्याशी बोलली ती असं बोलली, "ही मॅबल ना? तुमच्याकडे कशी? स्वतःचा गेला म्हणून दुसऱ्याची उचलायची असते का?" त्यानंतर मी सरळ पोलीस ठाण्यात आले.

इथे आल्यावर जे बोलणं झालं ते सार्जंटनी जसंच्या तसं लिहायला सांगितलं आहे, कारण वरच्यांना होड्यांचा खुलासा द्यावा लागणार आहे. मी म्हटलं, "मॅबलचे बाबा हरवलेत." सार्जंट ताडकन उभे राहिले.

"मॅबल? मॅबल कुठे आहे?"

"बाहेर आहे. कठड्याला बांधून आलेय."

"बांधून?"

"नाहीतर परत खाटकाकडे पळेल. कालपासून माझ्याकडेच आहे."

"कालपासून! बाई, जिवंत आहे ना ती?"

"न असायला काय झालं? आत्ताच यकृत खाऊन आलीय."

त्यांनी मला खाली बसवलं, दार लावलं आणि लिहायला घेतलं. वय विचारलं, केस विचारले, आजार विचारला. मला वाटलं, पोलीस खातं कुत्र्यांच्या बाबतीत फारच सुधारलंय. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तिची आई कुठे असते?" मी म्हटलं, "ती वेल्समध्ये. त्या खेपेला चार झाली होती म्हणतात, त्यांतली ही सगळ्यात बारीक." सार्जंटचं पेन थांबलं. ते उठले, बाहेर पायरीवर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. आत आले तेव्हा मॅबल त्यांच्या काखेत होती. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या आईचे केस मी वीस वर्षं बसवले, तुम्ही मला एवढंसुद्धा आधी विचारू नये?" ते म्हणाले, "मिसेस बेब, कृपा करून एक शब्द बोलू नका."

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. पहाटे मासे धरणाऱ्या एका माणसाला बंधाऱ्यापाशी एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. गुडघ्यापर्यंत ओले, डोक्यावर काही नाही. नाव विचारलं तर म्हणाले, "मी मॅबलचा बाबा." घर विचारलं, पुन्हा तेच. मॅबल केवढी विचारलं तर म्हणाले, "आठ वर्षांची." कुठे आहे विचारलं तर नदीकडे हात करून म्हणाले, "आत्ता इथे होती. माझ्या हातातच होती." त्यांच्या खिशात एक पुडी निघाली, तिच्यावर 'मॅबल, अर्धी, सकाळ-संध्याकाळ' असं लिहिलेलं. त्यांना गावच्या इस्पितळात नेलं आणि होड्या नदीत घातल्या.

म्हणजे मॅबल माझ्या हातात दिली हे ते पूल ओलांडेपर्यंतच विसरले, आणि मग ती दिसेना म्हणून रात्रभर पाण्याकाठी तिला शोधत राहिले. सार्जंटनी मला पाणी दिलं.

मी म्हटलं, आता लगेच चला. इस्पितळाच्या दारात मुख्य नर्सबाई आडव्या उभ्या राहिल्या. "कुत्री आत येणार नाही." मी म्हटलं, "मग पेशंट बाहेर आणा." त्या म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. तेव्हा सार्जंट कॉर्फील्ड पुढे झाले आणि म्हणाले, "सिस्टर, या कुत्रीसाठी माझी माणसं सकाळपासून कंबरभर पाण्यात आहेत. ती आत येणार." आणि ती आत आली.

मॅबलचे बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. कुणीतरी त्यांचे केस चुकीच्या बाजूला वळवले होते. मॅबलनं त्यांना पाहिलं आणि पट्टा माझ्या हातातून सुटला. ती त्यांच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. त्यांनी तिच्या कानांमागे बोटं घातली आणि चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "हिच्या कानांत एक जट नाही. कुणीतरी चांगलं बघितलंय हिच्याकडे." नर्सबाईंनी पुडीतली अर्धी गोळी लोण्यात घालून आणली. ती मॅबलनं माझ्यादेखत खाल्ली, लोण्यासकट.

मग त्यांनी वर पाहिलं, मला ओळखलं आणि म्हणाले, "पिकलची आई, पिकल कुठे?"

सार्जंट शेजारी उभे होते. पिकल गेला हे मी त्यांना दुपारीच सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "घरी आहे. झोपलाय." मॅबलचे बाबा म्हणाले, "झोपू द्या."

दूधवाल्यानं संध्याकाळी ठाण्यात येऊन सांगितलं की त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या दारात बाटल्या तशाच पडून आहेत. त्यावरून त्यांचं नाव ऑब्री गफ असल्याचं सार्जंटनी मला कळवलं. चांगलं नाव आहे. मला तोंडात बसायला वेळ लागेल. त्यांना जवळचं कुणी नाही आणि ते इतक्यात घरी जाणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. पुढे काय, ते कुणालाच सांगता येत नाही.

मॅबलच्या ताब्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, मालक नसलेलं कुत्रं हेरफर्डच्या कोंडवाड्यात पाठवायचा नियम मला माहीत आहे. मॅबलला मालक आहे. ते इस्पितळात आहेत एवढंच. तोपर्यंत ती माझ्याकडे राहील, अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी, आणि डॉक्टरला जाड वाटणार नाही इतकंच खायला. इस्पितळाच्या बागेत एक बाक आहे. तिथे रोज दुपारी कुत्री आणायला हरकत नाही, असं नर्सबाईंनी सार्जंटच्या समोर कबूल केलं आहे. विन्स्टनच्या आईला हे कुणीतरी कळवावं.

हे सगळं सार्जंटनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी ऐकलं. सुरुवातीच्या कागदावर 'अनोळखी इसम' असं होतं, ते मी खोडायला लावलं. पिकलबद्दल मी इस्पितळात जे उत्तर दिलं त्यावर सार्जंट थांबले आणि म्हणाले, जबाबात खोटं ठेवता येत नाही. मी म्हटलं, मी तसं म्हटलं हे तर खरं आहे. उद्या त्यांनी विचारलं तर उद्याही तेच म्हणणार. त्यांनी ते वाक्य तसंच ठेवलं. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही: एव्हिस बेब.

सार्जंट कॉर्फील्ड यांनी माझ्या सहीपुढे स्वतःच्या अक्षरात 'ऊर्फ पिकलची आई' असं लिहिलं आहे. त्याला माझी हरकत नाही.